अंड्याच्या टरफलावर नक्षीकाम करताना या चुका टाळा

रंगवलेलं अंडं बिघडलं म्हणून कोणी दाखवायला आणलं, की मी आधी ते नाकाशी नेते. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. ज्याला आपण रंगाचा दोष समजतो, तो आत राहून गेलेल्या ओलीचा असतो. म्हणून या लेखात ब्रशबद्दल कमी आणि ब्रश हातात घेण्याआधीच्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे.

भरलेलं अंडं ठेवणीतलं समजू नका

उकडलेलं अंडं रंगवायला सोपं असतं, पण ते काही टिकत नाही. कच्चं अंडं तसंच ठेवलं तर आतलं हळूहळू सुकतं, पण ते नाजूक प्रकरण आहे. कोंबडीच्या अंड्याच्या टरफलाला 7,000 ते 17,000 सूक्ष्म छिद्रं असतात आणि आतली हवा त्यांतूनच बाहेर पडते. हे माहीत नसताना मी एका भरलेल्या अंड्यावर तीन संध्याकाळी खपले आणि वर वॉर्निशचे दोन जाड हात दिले. छिद्रं बंद झाली, आत वायू साठत गेला. काही आठवड्यांनी बंद कपाटातून ‘फट्’ असा आवाज आला. पुढचं वर्णन नको. तेव्हापासून वॉर्निश लावायचं अंडं मी आधी रिकामं करते: दोन्ही टोकांना भोकं पाडायची, एकातून हवा द्यायची आणि आतलं दुसऱ्यातून बाहेर काढायचं.

भोक पाडताना तडा जातो

टरफल जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिमीटर जाड असतं. तरी मुठीत सगळीकडून सारखं दाबलं तर ते बराच भार सोसतं, कारण आकार कमानीचा आहे. एका बिंदूवरचा दाब मात्र त्याला चालत नाही. सुई खुपसू नका. भोकाच्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि सुई स्क्रूसारखी फिरवत फिरवत आत न्या. त्याआधी अंधारात टॉर्चवर अंडं धरून गोल फिरवा. केसासारखी चीर असेल तर उजेडाची रेघ दिसते. असं अंडं स्वयंपाकाला वापरा.

फुंकलं तरी काही बाहेर येत नाही

मग माणूस गाल फुगवून आणखी जोर लावतो आणि अंडं हातातच फुटतं. कमान बाहेरचा दाब पेलते, आतून आलेला नाही. अडकतं ते बलकाचं आवरण. पेपरक्लिप सरळ करून आत घाला, चांगली घुसळा आणि मग हलकी हवा द्या. खालचं भोक वरच्यापेक्षा मोठं हवं, चारेक मिलिमीटरचं. ते जाड टोकाला पाडा, तिथे हवेची पोकळी असते. अंडं फ्रीजमधून काढल्या काढल्या कामाला घेऊ नका. थंडीने आतला पांढरा घट्ट होतो.

आणि तोंड लावू नका. टरफलावर साल्मोनेला जंतू असू शकतात. छोटी रबरी पिचकारी किंवा सुई काढलेली सिरिंज हे काम जास्त नीट करते.

दोन दिवसांनी डिझाइनवर ओघळ

सगळ्यात जास्त तक्रारी याच्या असतात. अंडं धुतलं, वरून कोरडं दिसलं, रंगवलं. मग आतली ओल भोकातून झिरपली आणि नक्षीवरून ओघळली. कोमट पाणी आत सोडून, हलवून, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. शेवटी पातळ केलेलं ब्लीच काही मिनिटं ठेवून पुन्हा धुवून टाका. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. नंतर भोक खाली करून दोन-तीन दिवस वाळवा. खाली पांढरा कागद ठेवा. सकाळी त्यावर डाग नसेल तरच पुढे जा.

रंग डागाडागाने चढतो

तीन कारणं तपासा. एक, बोटांचं तेल. जिथे धरलं तिथे रंग बसत नाही, म्हणून हात धुवून अंडं टिश्यूने धरा. दोन, घासणी. टरफलावर एक पातळ नैसर्गिक थर असतो. तो कुठे घासून गेला आणि कुठे राहिला की रंगही तसाच चढतो. तीन, रंगाच्या पाण्यात व्हिनेगर घालताना हात सैल सुटणं. टरफल सुमारे 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, आम्लात ते विरघळतं. कपभर गरम पाण्याला एक-दोन चमचे पुरतात. जास्त वेळ ठेवलं तर पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि रंग बोटाला लागून येतो. तपकिरी अंड्याचा रंग तर मुख्यतः वरवरचाच असतो, व्हिनेगरमध्ये तो पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो.

रिकामं अंडं रंगात बुडत नाही, तरंगतं, आणि भोकातून रंग आत शिरतो. भोकं मेणाने बंद करा आणि वरून चमच्याने दाबून धरा. मेणाने रेघा झाकून रंगात बुडवायची युक्रेनची ‘पिसांका’ पद्धत (2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलेली) करत असाल तर फिक्याकडून गडदाकडे जा. हिरव्यावर थेट लाल घेतला तर मळकट होतो, मध्ये नारिंगीत बुडवा. मेण काढताना अंडं ज्योतीच्या बाजूला धरा. वर धरलं की काजळी धरते.

वॉर्निशने रंग पसरला

पाण्यात विरघळणाऱ्या रंगावर पाण्याचं वॉर्निश लावलं की हे होणारच. तेलाचं वॉर्निश घ्या, पातळ लावा, खिडकी उघडी ठेवा. ॲक्रिलिक रंगाला ही भीती नाही, पण तो जाड लावला तर सालीसारखा सुटतो. दोन-तीन पातळ हात द्या.

कागद चिकटवायचा असेल तर मोठा तुकडा विसराच. चेंडूला वर्तमानपत्र गुंडाळून पाहा, म्हणजे सुरकुत्या का पडतात ते कळेल. पातळ टिश्यूचे लहान तुकडे हवेत. टरफल कोरणार असाल तर मास्क हवाच, ती धूळ श्वासात जाता कामा नये.

फुटलंच तर

एखादीच चीर असेल तर पातळ टिश्यू आणि गोंदाने झाकून त्यावर नक्षी चालवता येते. चुरा झाला तर मोझॅक करा, पण त्याआधी तुकडे पाण्यात भिजवून आतला पापुद्रा सोलून काढा. तो राहिला तर गोंद पापुद्र्याला धरतो आणि वरचं टरफल महिनाभरात निखळून पडतं.