श्रद्धेला आव्हान देणारी कादंबरी वाचावी का? असे ठरवा

बाबा पदमनजी यांचा जन्म 1831 साली बेळगावात झाला. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिली. 1857 साली आलेले हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाते. हिंदू विधवांचे हाल दाखवून तिने वाचकांना आपल्या रूढी आणि श्रद्धा तपासायला लावल्या. आपल्याच बेळगावच्या ख्रिस्ती लेखकाने इतरांकडे जे धैर्य मागितले, तेच आज कुणी आपल्या ख्रिस्ती वाचकांकडे मागितले, तर पुस्तक न उघडताच नाही म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही. म्हणून प्रत्येकाने प्रत्येक पुस्तक आजच वाचावे, असेही नाही.

आधी पुस्तक कशाला आव्हान देते ते ओळखा. बेळगावजवळच्या कडोली-उचगावच्या साहित्य संमेलनातल्या स्टॉलवर किंवा वाचनालयात उभ्या उभ्या दहा-बारा पाने चाळली तरी अंदाज येतो. चर्चमधला पैसा, सत्ता, जातीचा भेद यांवर बोट ठेवणारी कादंबरी असेल, तर जरूर वाचा. बायबलमधला संदेष्टा आमोस याहून कठोर बोलला आहे. देवाच्या न्यायावर प्रश्न असेल, तरी घाबरू नका. बायबलमधल्या, निर्दोष असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाने देवाला जाब विचारला, आणि शेवटी देवाचा राग भडकला तो ईयोबाला उपदेश करणाऱ्या मित्रांवर. कादंबरी येशूचे चरित्रच बदलून सांगत असेल, तर मात्र आधी एखादे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधले येशूचे चरित्र, सलग वाचून काढा. मार्क सर्वांत छोटे आहे, एका बैठकीत होते. मूळ ठाऊक नसले की कल्पना कुठे सुरू झाली ते कळत नाही.

मग स्वतःकडे पाहा. घरात नुकताच मृत्यू झालेला, आजारपण, चर्चच्या मंडळीत भांडण, किंवा बाप्तिस्मा अलीकडचाच, अशा काळात पुस्तक बाजूला ठेवणे हा कमकुवतपणा नव्हे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो: प्रत्येकाची आपल्या मनाची खात्री असू द्यावी, आणि एकाने दुसऱ्याला दोष लावू नये.

कॅथलिक वाचकांना परवानगीचा प्रश्न पडतो. निषिद्ध पुस्तकांची रोमची जुनी यादी 1966 मध्ये बंद झाली. विवेकाची जबाबदारी मात्र तुमच्यावर आहेच.

वाचायचे ठरले, तर एकट्याने वाचू नका. फादर, पाळकसाहेब किंवा वाचनाची आवड असलेला मंडळीतला कुणी, एकाला तरी सांगून ठेवा. वहीत दोन रकाने करा. एकात पुस्तकाने विचारलेला प्रश्न, दुसऱ्यात त्यावर पवित्र शास्त्र काय म्हणते ते. दुसरा रकाना कोरा राहिला तर राहू द्या, ओढूनताणून उत्तर लिहू नका. येशूच्या पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या शिष्य थोमाला उत्तर मिळायला आठ दिवस लागले, आणि तोवर इतर शिष्यांनी त्याला घराबाहेर काढले नव्हते. लेखकाचे कुठे पटले तेही लिहा. अथेन्समध्ये पौलाने ग्रीक कवींच्या ओळी आधाराला घेतल्या होत्या.

घरातल्या कॉलेजच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात असे पुस्तक दिसले, तर काढून घेऊ नका. त्यांचे वाचून झाले की मागून घ्या, स्वतः वाचा, आणि रात्रीच्या जेवणानंतर त्यांना काय वाटले ते आधी विचारा. तुमचे मत त्यानंतर सांगा.