पिशवीची चिठ्ठी आधी वाचा: तणनाशक सोसणारा मका आयोवात कसा घेतात

दर जूनमध्ये सांगलीहून चुलतभावाचा फोन येतो. "तुमचा तो फवारला तरी न मरणारा मका आम्हाला कधी?" भारतात शेतकऱ्याला रीतसर पेरता येणारं जीएम, म्हणजे जनुक बदललेलं, पीक आजही एकच, बीटी कापूस. मक्याला परवानगी नाही. कुणी गुपचूप बियाण्याची पिशवी देऊ लागला तर घ्यायची नाही, हे त्याला मी दरवर्षी सांगतो. पण इथे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एम्स या गावाच्या आसपासच्या शेतांत फवारणी हेच माझं काम. ते कसं चालतं ते लिहितो.

सुरुवात बियाण्याच्या पिशवीवरच्या चिठ्ठीपासून. वाण कोणता, ते तीवर असतं. प्रत्येक वाण सगळीच तणनाशकं सोसत नाही. राउंडअप रेडी मक्यात जिवाणूतून घेतलेला जनुक असतो. ग्लायफोसेट (राउंडअपमधलं तणनाशक) झाडातलं जे एन्झाइम अडवतं, त्याचीच न अडणारी आवृत्ती तो जनुक तयार करतो. लिबर्टी लिंकमधला जनुक वेगळा, तो ग्लुफोसिनेट हे दुसरं तणनाशक निकामी करतो. एन्लिस्ट मका टू-फोर-डी या तणनाशकाच्या विशिष्ट प्रकाराबरोबर 'फॉप' गटातली गवतनाशकंही सोसतो. काही वाणांत दोन-तीन गुण एकत्र असतात, काहींत एकच.

हे मी एकदा महागात शिकलो. पेरताना शेवटच्या फेरीला बी कमी पडलं, म्हणून दुसऱ्या वाणाची पिशवी ओतली होती. पेरणाऱ्याने वहीत लिहिलंही होतं, मी वही उघडली नाही. सगळ्या शेतावर ग्लुफोसिनेट मारलं. चौथ्या दिवशी कडेच्या ओळी पिवळ्या, मग करपलेल्या. शेजारची ओळ हिरवीगार. रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ होती. तेव्हापासून चिठ्ठी फाडून वहीत डकवतो आणि शेताच्या तोंडाशी झेंडी रोवतो. झेंडीची ही पद्धत अर्कान्सा राज्यात सुरू झाली: लाल म्हणजे साधं पीक, पांढरी राउंडअप रेडी, हिरवी लिबर्टी लिंक.

पेरणी साधारण एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, माती १० अंश सेल्सिअसच्या वर गेली की. दोन ओळींत ३० इंच, खोली २ इंच, एकरी ३२ ते ३४ हजार बिया. पिशवीत ८० हजार बिया असतात.

आता सगळ्यांना नको असलेली गोष्ट. मका सोसतोय म्हणून उगवणपूर्व, म्हणजे तण उगवण्याआधीची, फवारणी सोडायची नाही. अ‍ॅट्राझिन आणि एस-मेटोलाक्लोर यांसारखी जमिनीत टिकणारी औषधं पेरणीच्या आसपास जायलाच हवीत. (अ‍ॅट्राझिन मक्याला मुळातच सोसतं, त्याला जीएम लागत नाही. आपल्याकडेही ते वापरतातच.) कारण वॉटरहेम्प. आपल्या काटेमाठाच्याच कुळातलं हे तण. नर-मादी झाडं वेगळी, एका मादीला लाखांवर बी, आणि ग्लायफोसेटला न जुमानणारी झाडं इथे जागोजागी. नुसत्या ग्लायफोसेटवर विसंबलेल्या शेतात ऑगस्टमध्ये तुऱ्यांच्या वर त्याचे शेंडे दिसतात.

दुसरी फवारणी तण ३-४ इंचांचं असताना, म्हणजे बोटाएवढं. चार दिवस थांबलात तर हातातून गेलं. मक्याची अवस्था मात्र उंचीवरून न ठरवता पानांवरून मोजा. पान खोडाला जिथे मिळतं तिथे फिकट रेघ दिसते, ती कॉलर. पूर्ण दिसणाऱ्या कॉलर मोजायच्या, सर्वांत खालच्या गोल टोकाच्या पानापासून. पोंग्यातली पानं धरायची नाहीत. राउंडअप रेडी मक्यावर सरसकट ग्लायफोसेट आठ कॉलर किंवा ३० इंच, जे आधी येईल तोवरच. ग्लुफोसिनेटची मुदत त्याआधी संपते. डब्यावरचं लेबल बघा.

टाकीत आधी पाणी, मग अमोनियम सल्फेट (१०० लिटरला १ ते २ किलो), ते विरघळल्यावर ग्लायफोसेट. इथल्या विहिरींचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम ग्लायफोसेटला धरून ठेवतं. ग्लुफोसिनेट पडेल तिथेच काम करतं, म्हणून एकरी किमान १५ गॅलन पाणी आणि लख्ख ऊन लागतं. ढगाळ सकाळी मारलं की तण नुसतं पिवळं होऊन परत उठतं.

वारा शेजारच्या साध्या सोयाबीनकडे किंवा कुणाच्या द्राक्षांकडे असेल तर यंत्र बाहेर काढायचंच नाही. मालक कितीही घाई करो. सोसण्याचा गुण आपल्या मक्यात आहे, शेजाऱ्याच्या वेलीत नाही.

आणि पुढच्या वर्षाचं आत्ताच लिहून ठेवा. काढणीत सांडलेली कणसं पुढच्या वर्षी त्याच शेतातल्या सोयाबीनमध्ये उगवतात आणि ग्लायफोसेटने मरत नाहीत. त्यांना क्लेथोडिम हे 'फॉप' गटाबाहेरचं गवतनाशक लागतं. मागचा मका एन्लिस्ट असेल तर 'फॉप' गटातलं औषध विकत घेऊन पैसे घालवू नका. माझ्या वहीत त्या पानावर चिठ्ठी दोनदा चिकटवलेली आहे.