साथीच्या काळात अपेंडिक्सचं स्कॅनिंग : या चुका टाळा

कोविडच्या साथीत, 2020 मध्ये, अनेक रुग्णालयांनी अपेंडिसायटिसच्या (अपेंडिक्सला आलेल्या सुजेच्या) निवडक रुग्णांना ऑपरेशनऐवजी अँटिबायोटिक्सवर ठेवलं. अशा वेळी ‘सूज आहे की नाही’ एवढंच स्कॅनला विचारून भागत नाही. औषधावर या रुग्णाचं निभेल का, हेही त्यातूनच ठरवायचं असतं.

रिपोर्टमध्ये खड्याचा उल्लेखच नसणं. आमच्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अपेंडिक्सच्या पोकळीत विष्ठेचा कडक खडा अडकलेला असेल, तर औषधाचा भरवसा कमी होतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोडा’ या अमेरिकेतल्या चाचणीत अँटिबायोटिक्स घेतलेल्या सुमारे 29 टक्के रुग्णांवर 90 दिवसांच्या आत ऑपरेशन करावं लागलं. खडा असलेल्यांत हे प्रमाण 41 टक्के होतं, नसलेल्यांत 25. म्हणून खडा असो वा नसो, तसं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा. सीटीला सहसा शिरेतून दिलेला कॉन्ट्रास्ट (अवयव उठून दिसावेत म्हणून दिलं जाणारं द्रव्य) पुरतो. तोंडावाटे दिलेल्या कॉन्ट्रास्टच्या पांढऱ्या रंगात बारीक खडा लपतो, शिवाय हा कॉन्ट्रास्ट आतड्यात उतरेपर्यंत संसर्गाची शंका असलेला रुग्ण विभागात ताटकळत बसतो.

‘अपेंडिक्स दिसलं नाही’ म्हणजे नॉर्मल, असं धरणं. पीपीई घालून घाईत केलेल्या सोनोग्राफीत हे हमखास घडतं. सर्वांत जास्त दुखतं तिथे बोट ठेवायला रुग्णालाच सांगा. लिनियर (सरळ, सपाट टोकाचा) प्रोब तिथे टेकवून हळूहळू दाब वाढवा, म्हणजे आतड्यातला वायू बाजूला सरकतो. निरोगी अपेंडिक्स दाबलं की चपटं होतं; सुजलेलं दबत नाही आणि त्याचा व्यास साधारण 6 मिलिमीटरच्या वर असतो. बंद टोकापर्यंत माग काढा, कारण कधी कधी सूज फक्त टोकालाच असते. सीकमच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) मागे दडलेलं असेल, तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून पाहा. तरीही दिसलं नाही आणि पोटाच्या तपासणीत अपेंडिसायटिसचीच लक्षणं दिसतायत, तर सीटी करा. गरोदर स्त्रीला गॅडोलिनियमशिवाय (एमआरआयच्या कॉन्ट्रास्टशिवाय) एमआरआय.

फुप्फुसांचा तळ न पाहणं. पोटाच्या सीटीत तो आपसूक येतो. तिथे कोविडची शंका यावी असे धुरकट ठिपके दिसले, तर भूल देणाऱ्यांना आधी कळवा. मात्र तळ स्वच्छ दिसला म्हणून कोविडची तपासणी टाळू नका. मुलांमध्ये आणखी जपा : कोविडनंतरच्या बहुअवयवी दाहातही उजव्या बाजूला पोट दुखतं, लहान आतड्याचा शेवटचा भाग जाड दिसतो, पोटातल्या लसिकागाठी वाढतात. बरेच दिवसांचा ताप, लाल डोळे, पुरळ असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना बोलवा.

नुसतं ‘पू आहे’ लिहिणं. उशिरा आलेल्या रुग्णात अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं. पुवाचा गोळा किती सेंटिमीटरचा, आतड्याबाहेर वायू सुटलाय का, त्वचेतून सुरक्षित वाट कुठून, हे सर्जनला हवं असतं. साधारण 3 सेंटिमीटरहून मोठा गोळा नळी घालून रिकामा करण्याचा विचार करता येतो.

औषध सुरू केल्यावर 24 ते 48 तासांत ताप किंवा दुखणं वाढलं, तर रुग्णाला पुन्हा तपासा. जुन्या स्कॅनवर विसंबू नका. चाळिशीपुढच्या रुग्णाचं पू झालेलं अपेंडिक्स औषधानं बरं झालं, तरी पुढे कोलोनोस्कोपी आणि सीटी करून तिथे कर्करोग नाही ना, याची खात्री करून घ्या.