आरमध्ये फाइल डोळ्यांसमोर असते, तरी सापडत नाही

सांख्यिकीच्या अभ्यासासाठी आर ही प्रोग्रॅमिंग भाषा वापरू लागलेल्या बहुतेकांना विश्लेषणाच्याही आधी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' हा संदेश गाठतो. घाबरून आर पुन्हा इन्स्टॉल करू नका. ज्या फोल्डरमध्ये शोध घेतला गेला तिथे त्या नावाची फाइल नाही, एवढेच तो संदेश सांगतो आणि ते बहुधा खरेच असते.

विंडोजमधून उचललेल्या पत्त्यातील बॅकस्लॅशची अडचण लवकर सुटते: त्याजागी फॉरवर्ड स्लॅश लिहावा किंवा बॅकस्लॅश दुहेरी करावा.

मला खरे छळले ते आर मार्कडाउनने, म्हणजे मजकूर आणि कोड एकाच फाइलमध्ये लिहून अहवाल बनवण्याच्या सोयीने, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. समजा, प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये 'डेटा' आणि 'अहवाल' असे दोन फोल्डर आहेत आणि मार्कडाउनची फाइल 'अहवाल'मध्ये आहे. 'डेटा/पीक.सीएसव्ही' हा पत्ता कन्सोलमध्ये, म्हणजे थेट आज्ञा देण्याच्या खिडकीत, बिनतक्रार चालतो, कारण प्रकल्प उघडल्यावर कन्सोल मुख्य फोल्डरमध्ये असतो. मात्र निट करताना, म्हणजे त्या फाइलमधून अहवाल तयार करताना, वेगळी सूचना दिलेली नसेल तर, मार्कडाउनची फाइल जिथे आहे ते फोल्डर आधार धरले जाते, म्हणजे 'अहवाल'च्या आत 'डेटा' शोधला जातो आणि तो तिथे नसतोच. कोड तोच, फाइल तीच, आधार मात्र वेगळा. म्हणून सध्याचे आधार-फोल्डर सांगणारी 'गेटडब्ल्यूडी' ही आज्ञा कन्सोलमध्ये न देता मार्कडाउनच्या चंकमध्येच (फाइलमधल्या कोडच्या तुकड्यातच) लिहावी, निट करावे आणि छापून आलेला पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. त्याच चंकमध्ये फाइलींची यादी देणाऱ्या 'लिस्ट डॉट फाइल्स'ला 'डेटा' फोल्डरचा पत्ता दिल्यास विंडोजने लपवलेले एक्स्टेन्शनही (नावाच्या शेवटचे 'सीएसव्ही'सारखे शेपूटही) उघड होते. नाव बदलताना नकळत 'पीक.सीएसव्ही.सीएसव्ही' झालेली फाइल अशीच सापडते.

'वर सेटडब्ल्यूडी (आधार-फोल्डर बदलणारी आज्ञा) टाक आणि पुढे चल' हा सीनियर मंडळींचा सल्ला मानू नका, असे मी स्पष्टच सांगेन. चंकमध्ये दिलेला सेटडब्ल्यूडी तो चंक संपताच पूर्ववत होतो. शिवाय तुमच्या सी ड्राइव्हचा पत्ता मार्गदर्शकांच्या संगणकावर नसल्याने तुमचा कोड त्यांच्याकडे पहिल्याच ओळीला थांबतो. कीबोर्ड हातात घेण्याआधी 'गेटडब्ल्यूडीचे उत्तर दाखव' म्हणणारा मार्गदर्शक मिळाला, तर त्याला सोडू नका.

यावर टिकाऊ उपाय म्हणजे आरस्टुडिओ या आर वापरण्याच्या सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट आणि 'हिअर' हे पॅकेज. प्रोजेक्टच्या फाइलवरून ते मुख्य फोल्डर ओळखते आणि तिथून पत्ता जुळवते, त्यामुळे मार्कडाउनची फाइल कोणत्या उपफोल्डरमध्ये आहे याने फरक पडत नाही. हे अंगवळणी पडायला फार वेळ लागत नाही, निर्धास्त राहा. काम सुपूर्द करण्यापूर्वी मात्र संपूर्ण फोल्डर दुसऱ्या ठिकाणी कॉपी करून, आर नव्याने सुरू करून एकदा निट करून पाहा. विभागाचा सर्व्हर लिनक्सवर चालत असेल, तर फाइलच्या नावातील इंग्रजी अक्षरांचे लहान-मोठेपणही त्याच वेळी तपासा.