खुरासणीच्या शेतात परागीभवन कसे तपासावे

खुरासणी, म्हणजेच कारळे, हे सुरगाणा आणि पेठ या डोंगराळ तालुक्यांतील आदिवासी शेतकऱ्यांचे जुने गळिताचे पीक असून तिच्या फुलाला स्वतःच्याच झाडाचा पराग सहसा चालत नाही. एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेणारा कीटक नसेल, तर शेत पिवळेधमक दिसूनही दाणे पोचट राहतात. म्हणून मधमाश्यांची पेटी विकत घेण्याआधी आपल्या शेतात परागाची खरोखर टंचाई आहे का, हे तपासावे.

कळ्या उमलण्यापूर्वी शेताच्या मध्यावरची आणि रानाकडच्या कडेची झाडे निवडून काही कळ्यांवर मलमलची पिशवी बांधावी, काहींना केवळ दोऱ्याची खूण करावी आणि उरलेल्यांवर, त्या उमलतील तशा, रोज सकाळी दुसऱ्या झाडाचे फूल हलकेच घासावे, कारण खुरासणीचे एक फूल हा सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो व ती एकदम उमलत नाहीत. पीक तयार झाल्यावर तिन्ही गटांतील भरलेले दाणे मोजावेत. हाताने पराग दिलेल्या फुलांत दाणे उघड्या फुलांपेक्षा ठळकपणे जास्त भरले, तर कीटक कमी पडत आहेत; फरक नसेल, तर पेटीचा खर्च वाचला. पिशवीतही भरपूर दाणे निघाले, तर पिशवी उशिरा बांधली गेली असे समजून ती नोंद बाद करावी.

फुलोऱ्यात उन्हाच्या, मंद वाऱ्याच्या सकाळी एक चौरस मीटर जागेसमोर दहा मिनिटे बसून भेटी मोजाव्यात. मात्र नुसते ‘माशी’ असे लिहू नये. मधमाश्यांच्या जातींपैकी सातेरी झाडाच्या ढोलीत, फुलोरी झुडपात, आग्या उंच झाडावर किंवा कड्यावर राहते आणि एकट्या राहणाऱ्या कित्येक माश्या उघड्या जमिनीत बिळे करतात, त्यामुळे कोण आले नाही यावरून रानात कोणता आसरा कमी झाला असावा, याचा अंदाज येतो.

तो अंदाज पडताळण्यासाठी गावातील मध काढणाऱ्या जाणत्यांना विचारावे. मोहोळांची झाडे त्यांना ठाऊक असतात. परंतु ती माहिती त्यांच्या आणि ग्रामसभेच्या परवानगीनेच लिहावी व नकाशा बाहेर देऊ नये. २००६ च्या वनहक्क कायद्यात मध आणि मेण गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या इतर उत्पन्नात, मोडतात, आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात रानाचे नियम ग्रामसभेला ठरवता येतात. ढोलीची झाडे राखणे, मोहोळाखाली जाळ न करणे, आग्याच्या पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून पिलांचा भाग शाबूत ठेवणे, हे ठराव आपल्या नोंदींसह तिथेच मांडावेत.