रॅटच्या प्रीफ्रंटल सर्किटवर काम सुरू करताना

न्यूरोसायन्सच्या लॅबमध्ये नवीन येणारी मुलं एक आकृती हमखास पाठ करून येतात: कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर), तिथून आत खोलवरचे स्ट्रायटम, पॅलिडम, थॅलॅमस हे भाग आणि परत कॉर्टेक्स. नुसते चौकोन आणि बाण. अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या समांतर लूपच्या कल्पनेचा तो वारसा, आणि ती मुख्यतः माकडांवरच्या कामातून आलेली. रॅटच्या मेंदूचा काप मायक्रोस्कोपखाली ठेवला की यातला एकही बाण दिसत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की ऑप्टोजेनेटिक्स (प्रकाशाने पेशी चालू-बंद करण्याचं तंत्र) आणि कोडिंगच्या मागे लागण्याआधी काही महिने काप बघत बसा.

पहिला गोंधळ स्ट्रायटममध्येच होतो. माणसात स्ट्रायटमचे कॉडेट आणि प्युटामेन हे दोन भाग वेगळे दिसतात, कारण मधून इंटर्नल कॅप्सूल हा तंतूंचा पट्टा जातो. रॅटमध्ये तेच तंतू जुडग्या-जुडग्यांनी थेट स्ट्रायटममधून आरपार जातात. त्यामुळे प्रीलिंबिक भागात (प्रीफ्रंटल, म्हणजे पुढच्या कॉर्टेक्सचा मध्यरेषेजवळचा तुकडा) बीडीए हा तंतूंची वाट दाखवणारा ट्रेसर सोडला आणि डॅब या तपकिरी रंगाने रंगवलं, तर स्ट्रायटममध्ये तपकिरी दिसणारं सगळंच तिथे जोडलेलं नसतं. जुडग्यांच्या आतल्या जाड, गुळगुळीत रेषा थॅलॅमस आणि मिडब्रेनकडे निघालेल्या असतात. जुडग्यांच्या बाहेर, बारीक तंतूवर ओवलेल्या मण्यांसारख्या गाठी दिसल्या, की तिथे सिनॅप्स असण्याची शक्यता धरायची. हा फरक ४०एक्सवर फोकस वरखाली करत शिकावा लागतो, पेपर वाचून तो येत नाही.

मग पलीकडची बाजू बघा. इंजेक्शन एकाच बाजूला दिलेलं असतं, तरी दुसऱ्या स्ट्रायटममध्येही तंतू सापडतात. ते आयटी (इंट्राटेलेनसेफॅलिक) पेशींचे, ज्यांचे तंतू कॉर्टेक्स, स्ट्रायटम अशा वरच्या भागांतच राहतात. पीटी (पिरॅमिडल ट्रॅक्ट) पेशी मात्र आपल्याच बाजूच्या स्ट्रायटमला फांद्या देत खाली उतरतात, आणि त्यातल्या काही थॅलॅमसखालच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियसला थेट पोचतात. यालाच हायपरडायरेक्ट मार्ग म्हणतात. आकृतीतल्या एका बाणात इतकं सगळं कोंबलेलं असतं.

हे कशाला, असं वाटेल. किलक्रॉस आणि कुट्युरो यांचा २००३ चा प्रयोग वाचा. दांडी दाबली की खाऊ मिळतो हे रॅट शिकलेला असतो. मग त्याला तोच खाऊ आधी पोटभर देतात. थोडंच ट्रेनिंग झालेला निरोगी रॅट यानंतर दांडी कमी दाबतो. प्रीलिंबिक भाग निकामी असेल तर त्याला फरक पडत नाही, तो दाबतच राहतो. उलट भरपूर ट्रेनिंगने सवय जडायला हवी, तिथे इन्फ्रालिंबिक निकामी असलेला रॅट अजूनही खाऊची किंमत बघून वागतो. हे दोन भाग अगदी शेजारी, वरखाली आहेत. इंजेक्शन अर्धा-एक मिलिमीटर खाली घसरलं तर निष्कर्ष उलटा निघू शकतो.

सर्जरीत खरी कसोटी इथेच लागते. प्रीलिंबिक मध्यरेषेला इतकं चिकटून आहे की सरळ खाली जायचं म्हटलं तर वरची मोठी शीर आडवी येते. पिपेट तिरकी घाला. सोडून झाल्यावर लगेच ओढू नका, दहा मिनिटं तशीच राहू द्या, नाहीतर ट्रेसर वाटेने वर चढून वरच्या सिंग्युलेट कॉर्टेक्समध्ये पसरतो. पॅक्सिनॉस-वॉटसनचा रॅटच्या मेंदूच्या नकाशांचा अ‍ॅटलास साधारण २९० ग्रॅमच्या विस्टार स्ट्रेनच्या नर रॅटवर बेतलेला आहे. तुमचे रॅट लहान किंवा वेगळ्या स्ट्रेनचे असतील, तर आधी एकदोन प्राण्यांवर कोऑर्डिनेट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. अर्थात तेही प्राणी मंजूर आकड्यात धरलेले हवेत. आपल्याकडे संस्थेच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी असल्याशिवाय रॅटला हात लावता येत नाही, त्यामुळे फॉर्म बी (त्या मंजुरीचा अर्ज) लॅबमध्ये रुजू झाल्याबरोबर लिहायला घ्या.

व्हायव्हात एक प्रश्न बहुधा येतोच: रॅटला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स असतो तरी का? प्राइमेटमध्ये दिसणारा दाणेदार चौथा थर इथे नाही, म्हणून वाद आहे. ‘मीडिओडॉर्सल थॅलॅमसशी जोडणी आहे’ एवढं उत्तर अपुरं पडतं. स्ट्रायटमकडच्या जोडण्या आणि वर्तनाचे पुरावे, दोन्ही घेऊन बोला.

लॅब मिळायची असेल तरी सुरुवात घरबसल्या होते. अ‍ॅलन इन्स्टिट्यूटचा माउस कनेक्टिव्हिटी अ‍ॅटलास इंटरनेटवर फुकट आहे. माउस म्हणजे रॅट नव्हे, पण ढोबळ मांडणी जुळते. त्यात प्रीलिंबिकचं एक इंजेक्शन उघडा, पुढून मागे एकेक काप सरकवत जा, आणि स्ट्रायटमच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यात तंतू दाटतात ते वहीत हाताने काढा.