नळाला पाणी आलं की उठवणारी घंटा

सोलापुरात पाण्यासाठी जागरण ठरलेलंच. उजनी धरणापासून शंभरावर किलोमीटर पाइपातून येणारं हे पाणी आमच्या गल्लीत काही दिवसांच्या अंतरानं सुटतं आणि वेळेचा भरवसा नसतो. कधी पहाटे, कधी रात्री बारानंतर. घरात जागं कोण राहतं? बहुतेक घरांत बाईच. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, वर्षानुवर्षं मोरीजवळ चटई टाकून झोपायच्या, नळ फुसफुसला की उठायच्या. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केलेला. आत्यांची ती झोप मोडू नये म्हणून जी घंटा केली, तीच इथं सांगते. कधी सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून तारा जोडायचं काम, न केलेल्यालाही एका दुपारी जमेल.

सामान अगदी थोडं आहे. बीसी ५४७ नावाचा ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा एक आणि १०० किलोओहमचा एक रेझिस्टर (विजेचा प्रवाह रोखून कमी करणारा भाग), ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची क्लिप, एक छोटा स्विच, झिरो बोर्डाचा, म्हणजे भोकं आणि तांब्याचे ठिपके असलेल्या पट्टीचा, तुकडा, दोन पदरी वायर आणि बझर. बझर घेताना दुकानातच बॅटरीला लावून बघा. नुसत्या बॅटरीवर सलग ‘टीं’ वाजतो तो आपल्या कामाचा. फक्त ‘टक्’ करून गप्प बसतो तो नको. नवी पेठेत फिरलात तर हे सगळं मिळून दीडशे रुपयांच्या आत बसतं, सोल्डरिंग गन वेगळी. गन २५ वॅटची पुरे, जास्त तापणारी घेतली तर बोर्डावरचं तांबं उखडतं.

आता हे चालतं कसं ते समजून घ्या, कारण ते कळलं की बिघाड स्वतःलाच सापडतो. नळाखाली ठेवलेल्या डब्यात दोन वायरींची टोकं असतात, पाणी चढलं की ती बुडतात. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून थोडी वीज वाहते. बोअरच्या जड पाण्यातून तर जास्तच. पण ती वीज इतकी कमी की तिच्यावर बझर वाजणार नाही. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर. त्याच्या मधल्या पायाला, म्हणजे बेसला, अर्धा मिलिअँपिअरसुद्धा नसलेला प्रवाह मिळाला तरी तो बाजूच्या दोन पायांमधून बझरला पुरेल एवढा प्रवाह सोडतो. डबा कोरडा असताना बॅटरीतून जवळजवळ काहीच खर्च होत नाही, म्हणून घंटा रात्रभर चालू ठेवायला हरकत नाही.

जोडणी अशी. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू स्वतःकडे आणि पाय खाली धरा. डावीकडून पहिला कलेक्टर, मधला बेस, उजवीकडचा एमिटर. बॅटरीची लाल वायर स्विचला, स्विचमधून बझरच्या लाल वायरला. बझरची काळी वायर कलेक्टरला. एमिटर थेट बॅटरीच्या काळ्या वायरला. पाण्यात जाणाऱ्या दोन वायरींपैकी एक स्विचनंतरच्या लाल टोकाला जोडा, दुसरी १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून बेसला. हा रेझिस्टर वगळू नका. दोन टोकं एकमेकांना चिकटली तर बॅटरीचा सगळा जोर बेसवर येतो आणि ट्रान्झिस्टर जळतो. १०० किलोओहमचा रेझिस्टर बेस आणि एमिटरच्या मध्ये बसवा. पावसाळ्यात भिंत ओलसर झाली किंवा डब्यात नुसता दमटपणा असला तरी घंटा उगाच वाजत नाही, ती याच्यामुळे.

सोल्डर करताना आधी तार आणि बोर्डावरचा तांब्याचा ठिपका दोन्ही गनच्या टोकानं तापवा आणि मग सोल्डरची तार त्या तापलेल्या जागेला टेकवा, गनला नव्हे. जोड चकचकीत दिसला पाहिजे. मळकट, गोळा झालेला असेल तर पुन्हा तापवा. ट्रान्झिस्टर सगळ्यात शेवटी लावा आणि गन त्याच्या पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. खिडकी उघडी ठेवा. सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. हे मी शेजारच्या पोरांना शिकवताना दर वेळी सांगते आणि दर वेळी हात धुवून घेते.

बोर्ड झाला, पण घंटा टिकते की नाही हे ठरतं पाण्यातल्या टोकांवर. बरेच जण तांब्याच्या वायरी सोलून तशाच पाण्यात सोडतात. एकाच दिशेनं वीज वाहत असल्यामुळे धन बाजूची तार पाण्यात झिजत जाते, हिरवट होते आणि काही दिवसांत काम सोडते. शिवाय तो हिरवा गाळ पाण्यात उतरतो. म्हणून स्टेनलेस स्टीलचे दोन छोटे नट-बोल्ट घ्या. स्टीलला साधं सोल्डर धरत नाही, त्यामुळे वायरीचं टोक नटाखाली दाबून पक्कं आवळा. एक रिकामा प्लास्टिकचा डबा घ्या. स्टीलचा चालणार नाही, त्यातूनच वीज जाईल. डब्याच्या बाजूला, बुडापासून दोन बोटं वर, दोन सेंटीमीटर अंतरावर भोकं पाडून बोल्ट बसवा, डोकी आत आणि नट बाहेर. बाहेरचे नट एम-सीलनं पूर्ण झाका. आणि बुडाला दाभणानं एक बारीक भोक पाडा. तोटी थेंब थेंब गळत असेल तर ते पाणी भोकातून निघून जातं; खरं पाणी सुटलं की डबा भरभर वर चढतो, बोल्ट बुडतात आणि घंटा वाजते.

रात्री तोटी उघडी ठेवून हा डबा तिच्याखाली ठेवायचा, वायर मोरीतून खोलीत घ्यायची आणि बझरची डबी उशाशी. पहिल्या रात्री आत्यांचा विश्वास बसेना. म्हणाल्या, “एवढंसं यंत्र मला काय उठवतंय गं?” पाणी सुटलं तेव्हा सगळ्या घराला उठवलं की त्यानं! आता चटई घडी करून ठेवलेली आहे.

हीच घंटा गच्चीवरच्या टाकीलाही लागते. दोन बोल्ट प्लास्टिकच्या पट्टीवर बसवून टाकीच्या तोंडाशी, ओव्हरफ्लोच्या पाइपापेक्षा चार बोटं खाली अडकवा. टाकी भरली की आवाज, आपण मोटर बंद करायची. इतक्या लांबून आलेलं पाणी गटारात जाताना बघवत नाही मला. गच्चीवरची वायर मात्र पीव्हीसीच्या नळीतूनच आणा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि उघड्या वायरीचं वेष्टन उन्हानं कडक होऊन तडकतं.

कुणाला कमी ऐकू येत असेल तर बझरच्या जोडीनं, त्याच्याच दोन टोकांना, १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एक एलईडी लावा. लांब पाय लाल बाजूला. अंधारात तो डोळ्यांसमोर असला की पुरे.

मोटर आपोआप बंद करता येईल का, असं बरेच जण विचारतात. येते, रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा स्विच, लावून. पण तिथं २३० व्होल्ट आले, ते काम माहितगार वायरमनकडूनच करून घ्या. पाण्यातली टोकं घरच्या विजेशी कधीही जोडू नका, मोबाइलच्या स्वस्त चार्जरवरसुद्धा नाही. इथं बॅटरीच हवी. आणि नळाच्या लाइनला थेट मोटर लावून पाणी ओढू नका, शेवटच्या घरात तेवढंच कमी पोचतं.

घंटा वाजलीच नाही तर क्रमानं बघा: बझर थेट बॅटरीवर वाजतो का, त्याची लाल-काळी उलटी तर नाही, ट्रान्झिस्टरची बाजू बरोबर आहे का. वाजते पण क्षीण, तर आधी बॅटरी नवी घालून बघा, मग बोल्ट जवळ आणा. आरओचं पाणी घालून तपासू नका, त्यात क्षार इतके कमी की घंटा गप्प राहू शकते. थांबतच नसेल तर दोन बोल्टांच्या मध्ये पाण्याचा थेंब किंवा क्षाराचा पांढरा थर साचलेला असतो. लिंबाच्या फोडीनं घासून कोरडं करा.

पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी स्विच चालू करून ओल्या बोटांनी दोन्ही बोल्टांना एकदम शिवा. ९ व्होल्टला हाताला काही जाणवत नाही. बझर किणकिणला तरी सगळं जागेवर आहे. अजिबात आवाज नाही आला तर तेच दोन बोल्ट चमच्यानं जोडून बघा, आणि तरीही गप्प असेल तर बॅटरी बदला.